पँथरची आरती पुरे झाली!

"जर्मन इंजिनीअरिंग" हे दोन शब्द कानावर पडले की आपल्याकडे भल्याभल्यांचे हात जोडले जातात. त्यातून दुसऱ्या महायुद्धातला पँथर रणगाडा म्हणजे तर साक्षात दैवत! "असा रणगाडा पुन्हा होणे नाही" छापाची स्तुती इतक्यांदा वाचली आहे की आज जरा स्पष्टच लिहितो. कोणाला राग आला तर येवो.

१९४१ मध्ये रशियात जर्मनांची गाठ टी-३४ शी पडली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. तज्ज्ञांचं मंडळ आघाडीवर धावलं. डेम्लर-बेंझ आणि एमएएन यांनी आराखडे केले, मे १९४२ मध्ये एमएएनचा मंजूर झाला. रणगाडा हवा होता ३० टनांच्या वर्गातला. हिटलरने पुढचं चिलखत ६० चं ८० मिलिमीटर करायला लावलं आणि वजन वाढत वाढत सुमारे ४५ टनांवर गेलं. पट्ट्याच्या चाकापर्यंत ताकद पोचवणारा शेवटचा गिअर मात्र त्या मानाने दुबळाच राहिला. मजबूत रचनेचे गिअर कापायला पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून साध्या दात्यांवर भागवलं. याला इंजिनीअरिंग म्हणायचं की वेळ मारून नेणं?

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत सुमारे २०० पँथर उतरवले. काहींच्या इंजिनांनी लढाईआधीच पेट घेतला. आठवड्याच्या आत लढण्याजोगे उरले ते बोटांवर मोजण्याइतके. सगळे बिघडून पडले असं नाही, सुरुंगांनी आणि रशियन तोफांनीही हात धुऊन घेतले. पण अपुऱ्या चाचणीचा माल रणांगणात ढकलला कोणी?

तोफ उत्तम होती, समोरचं चिलखत भक्कम होतं, नंतर सुधारणाही झाल्या. सगळं मान्य! पण एकमेकांत गुंतवलेल्या चाकांतलं आतलं एक बदलायचं तर आधी बाहेरची काढा, ही चिखलात उभ्या सैनिकाची थट्टाच. एकूण पँथर झाले सुमारे ६,०००. युद्धकाळातले टी-३४ पन्नास हजारांच्या वर! टी-३४ मध्येही खोटी होत्याच, पण तो भरपूर बनत होता आणि झटपट दुरुस्त होत होता. एका विषयात शंभर आणि दोन विषयांत नापास, अशा मुलाला पहिला नंबर कोणता मास्तर देईल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एमएएनसारख्या कारखान्यांत परक्या देशांतून धरून आणलेले मजूर आणि युद्धकैदी राबत होते. रणगाड्याच्या प्रत्येक खिळ्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत या माणसांना एक ओळसुद्धा मिळत नाही. यंत्राचं कौतुक करता करता ते कोणाच्या पाठीवर उभं राहिलं आणि कोणाला चिरडायला निघालं होतं हे विसरणं, याला मी तरी अभ्यास म्हणणार नाही. आपली तरुण मुलं हे लेख वाचतात म्हणून जीव तुटतो.

पटलं नाही तर खाली जरूर भांडा. फक्त पुरावे घेऊन या, फोटो नकोत!