दमट किनाऱ्यावरील उष्माघात

उष्माघात म्हटला की विदर्भाचे किंवा राजस्थानचे ऊन डोळ्यांपुढे येते. समुद्राचा वारा असताना आम्हां किनारवासीयांना त्याची कसली भीती, असा समज आपल्याकडे रूढ आहे. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे तो समज खोटा ठरला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर दुपारपर्यंत बसली होती. पारा 38 अंशांच्या आसपास होता, तरी चौदा जण प्राणांस मुकले. मंचावर छत होते, श्रोत्यांवर नव्हते.

याचे कारण हवेच्या दमटपणात आहे. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. किनाऱ्यावर तो वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी व क्षार जातात आणि अंगातली उष्णता अंगातच राहते.

डोकेदुखी, घेरी, मळमळ, पेटके या पूर्वसूचना होत. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. 108 क्रमांकावर कळवावे, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत स्वस्थ बसू नये. रुग्णाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मानेशी, बगलांत व जांघांत बर्फ ठेवावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळ्या येथे निरुपयोगी आहेत.

सकाळी दहाची मीठ घातलेली पेज आणि दुपारची विश्रांती हा आपल्या वाडवडिलांचा आळस नव्हता, शहाणपण होते. शेताचा मालक ते आजही पाळू शकतो. रस्त्यावर डांबर ओतणारा किंवा इमारतीवर विटा वाहणारा मजूर मात्र ते पाळू शकत नाही. त्याची दुपार ठेकेदाराच्या हाती असते. त्याला ‘उन्हात जाऊ नका’ असे सांगणे ही थट्टाच होय.

म्हणून आमचे सरकारला सांगणे आहे की, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते तीन उघड्यावरील कामे बंद ठेवावीत, सावली व पिण्याचे पाणी ही ठेक्याची अट करावी आणि भर दुपारच्या सभांना परवानगी नाकारावी. ऊन कोणाच्या हाती नाही. सावली मात्र आहे.