संकेतस्थळाचा वाली कोण?

भारतातील असंख्य महाविद्यालयांची, संशोधन संस्थांची आणि कार्यालयांची संकेतस्थळे वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला अशा मुक्तस्रोत प्रणालींवर उभी आहेत. केंद्र सरकारचे खुल्या विदेचे संकेतस्थळही ड्रुपलवरच उभारले गेले. या निवडीत गैर काही नाही. धोका बहुधा मूळ प्रणालीत नसतो. तो तिला जोडलेल्या प्लगइनमध्ये असतो. मूळ प्रणालीवर जगभरच्या जाणकारांची नजर असते. प्लगइन मात्र अनेकदा एखादी लहान कंपनी किंवा एकटा प्रोग्रामर सांभाळतो. तरीही वर्डप्रेसमध्ये प्लगइनला मूळ प्रणालीइतकेच अधिकार मिळतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेले ‘लाइटस्पीड कॅश’चे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. संकेतस्थळाचा वेग वाढवणारे हे प्लगइन ५० लाखांहून अधिक ठिकाणी वापरात होते. त्यातील एका सोयीचे रक्षण सहा अक्षरी गुप्त संकेतावर अवलंबून होते. सहा अक्षरांच्या अब्जावधी जुळण्या होतात. पण येथे यादृच्छिक संख्येचे बीज घड्याळातील सेकंदाच्या दशलक्षांश भागावरून घेतले जात होते. त्यामुळे प्रत्यक्षात शक्यता उरल्या केवळ १० लाख. एवढ्या शक्यता तपासणे यंत्राला काही तासांचे, फार तर काही दिवसांचे काम. संकेत जुळला की अनोळखी व्यक्ती थेट प्रशासक होऊ शकत होती.

सुधारित आवृत्ती लगेच आली. परंतु सुधारणा प्रसिद्ध होणे आणि ती प्रत्येक संकेतस्थळावर पोहोचणे यांत मोठे अंतर असते. शिवाय सुधारणा जाहीर होताच जुन्या आवृत्तीतील फट कोठे आहे, हे हल्लेखोरांनाही कळते.

आपल्याकडची खरी अडचण येथेच आहे. संकेतस्थळ बांधण्यासाठी निविदा निघते, उद्घाटन होते, कंत्राटदाराची मुदत संपते. पुढे पासवर्ड कोणाकडे आहे, हेही अनेकदा कार्यालयाला ठाऊक नसते. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. हा नियम योग्यच. पण ज्या संकेतस्थळाकडे कोणी पाहतच नाही, तेथे घटना लक्षात येणार तरी कोणाच्या?

सुरक्षा-लेखापरीक्षण एका दिवसाची स्थिती सांगते. फट दुसऱ्या दिवशीही सापडू शकते. म्हणून प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी कराव्यात. देखभालीची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवून तिच्यासाठी वार्षिक तरतूद ठेवावी. वापरात असलेल्या सर्व प्लगइनची आवृत्तीसह यादी करावी. सॉफ्टवेअरमधील घटकांची अशी यादी ठेवण्याविषयी ‘सर्ट-इन’ने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. आणि जे प्लगइन लागत नाही, ते नुसते बंद न ठेवता काढून टाकावे.

स्वयंचलित अपडेटमुळे पान मोडेल, ही भीती खोटी नाही. पण मोडलेले पान बॅकअपवरून पूर्ववत करता येते. विद्यार्थ्यांची चोरीस गेलेली माहिती परत आणता येत नाही. इमारतीला चौकीदार नेमणाऱ्या संस्थांनी एवढा हिशेब तरी करायलाच हवा.