वावडं म्हणजे नखरा नव्हे



"बाई, याला अंड्याचं वावडं आहे," असं कुणी सांगितलं की आपण नेमकं काय समजतो? मराठीत हा एकच शब्द तीन अर्थांनी चालतो. घरात चालत नाही ते वावडं, आवडत नाही ते वावडं आणि खाल्लं तर जीवावर बेतेल तेही वावडंच. पोषण आहार वाढणाऱ्या ताईंना या तिघांतला फरक कळणार कसा? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. आपण सगळ्यांनी याद्या केल्या. (पुढे त्या अंड्याचं काय झालं ते जाऊ द्या.) त्या याद्यांत 'खातो' आणि 'खात नाही' एवढंच होतं. 'का खात नाही' हे विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही. जनरल रजिस्टरमध्ये जात, मातृभाषा, जन्मस्थळ या सगळ्याला रकाना आहे. वावड्याला नाही.

तिसऱ्या प्रकारचं वावडं म्हणजे तीव्र ॲलर्जी. डॉक्टर तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, एखादं औषध, मधमाशीचा डंख, कारण काहीही असू शकतं. काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत अंगावर चट्टे येतात, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो, उलट्या होतात, मूल गळून जातं. सगळं एकदम दिसेलच असं नाही. काही वेळा अंगावर एकही चट्टा नसतो.

आणि इथेच आपला घरगुती शहाणपणा आडवा येतो. अंगावर चट्टे दिसले की आपण म्हणतो, पित्त उठलं. मग आमसुलाचं पाणी चोळा, घोंगडी पांघरा, थोडा वेळ पडू दे. नुसतं पित्त असेल तर मुलाला बरं वाटतंही, आमसुलाशी माझं भांडण नाही. पण चट्ट्यांबरोबर धाप, घोगरा आवाज, उलट्या किंवा चक्कर असेल तर ते नुसतं पित्त नाही, आणि आमसुलात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली सेट्रिझिनची गोळीही इथे पुरी पडत नाही. खाज कमी होईल, श्वास मोकळा होणार नाही. यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फार महाग औषध नाही ते. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मग ते देणार कोण? अमेरिकेत अनेक शाळांत नर्स असते, तिच्या कपाटात हे औषध भरलेलं पेन असतं. आपल्या जिल्हा परिषद शाळेत नर्स नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, वजन-उंची, दात-डोळे तपासून जातं. तसलं पेनही आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, मिळते ती काचेची कुपी.

पण जरा आठवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आपल्याच वर्गात झाली. लस दिल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं, आठवतं? ते याच भीतीपोटी. सिस्टरच्या टेबलावर जो किट ठेवायचा असतो, त्यात ॲड्रेनॅलिनच्या कुप्या, सिरिंज आणि वयानुसार डोसचा तक्ता असतो. लसीनंतर असा त्रास झाला तर उपकेंद्राच्या एएनएमने पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवायचं, अशी मुभा सरकारने तिला दिलेली आहे. म्हणजे शाळेची नर्स म्हणावी अशी बाई आपल्या पंचक्रोशीत आहे. लसीकरणाच्या दिवसापुरती. माझं म्हणणं एवढंच की लसीने धाप लागली तर जे चालतं, ते शेंगदाण्याच्या चिक्कीने लागली तर का चालू नये? हे आरोग्य विभागाने लेखी ठरवून द्यावं. मुलाचा श्वास कशाने अडकला ते औषध विचारत नाही.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी २००३ मध्ये शाळेतलं खाणं खाऊन गेली. तिला दुधाची ॲलर्जी होती. घेतलं होतं तिने बटाट्याचं फ्राइज. २००५ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, १ जानेवारी २००६ पासून लागू. प्रत्येक शाळेने अशा मुलांची योजना लिहून ठेवायची, शिक्षकांना नियमित प्रशिक्षण द्यायचं, आणि प्रसंगी शिक्षकाने चांगल्या हेतूने इंजेक्शन दिलं तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा नाही. मला त्यातलं हे शेवटचं कलम सगळ्यांत मोलाचं वाटतं.

कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. "मॅडम, काही झालं तर कोण निस्तरणार?" दुसरा प्रश्न, अजून एक अशैक्षणिक काम? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ मलाही पाठ आहे आणि बीएलओच्या याद्या मीही वाहिल्या आहेत. पण वर्गातल्या मुलाचा श्वास ही गोष्ट मला त्या पोत्यात घालता येत नाही. इंजेक्शन मात्र आपण आपल्या मनाने कुपी फोडून देऊ नये, हेही स्पष्ट सांगते. प्रशिक्षण नाही, संरक्षण नाही, डोस चुकला तर तोही धोका. ते मागून घ्यावं लागेल, संघटनांनी बदल्यांइतक्याच आवाजात.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते थोडं नाही. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवायचे. धाप लागली असेल तर बसू द्यायचं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. उभं करायचं नाही, चालवत तर अजिबात न्यायचं नाही. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला "ॲड्रेनॅलिन तयार ठेवा" असं नाव घेऊन सांगायचं. मधमाशीचा काटा दिसला तर लगेच काढायचा, चिमटा शोधत बसायचं नाही. गडावर सहल नेताना खालच्या गावचं आरोग्य केंद्र कोणतं, हे बसच्या भाड्याबरोबरच ठरवायचं. आणि मूल सावरलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

पालकहो, तुमच्याकडून एक चिठ्ठी हवी. कशाने, काय झालं होतं, किती वेळात, दमा आहे का. दमा असलेल्या मुलाला धोका जास्त, म्हणून विचारते. "शाळेला कळलं तर मुलाला वेगळं बसवतील" या भीतीने लपवू नका. आणि तुमचं मूल ठणठणीत असेल तर वाढदिवसाची चॉकलेटं, संक्रांतीचा तिळगूळ वाटण्याआधी बाईंना दाखवा. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे भाजीपासून वडीपर्यंत कुठेही असतं, सांगितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे यंदा चौथीतल्या एका मुलाचं नाव आणि 'शेंगदाणा नाही, एक दाणाही नाही' असं ठळक लिहून लावलंय. खाली सिस्टरचा मोबाईल नंबर. ताईंनी आधी चव रजिस्टरच्या वेळी विचारलं होतं, "कूट नाही, पण फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची चालेल का?" ते त्या मुलाच्या डॉक्टरांना विचारलंय. उत्तर येईपर्यंत त्याचा डबा घरून येतो.