सेनगावची भिंत आणि गंजाडचा चित्रकार

तालुक्याच्या गावी शाळेच्या, कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीस रंग देण्याचा प्रसंग आला, की अलीकडे बहुधा एकाच, वारली धाटणीची चित्रे तेथे उमटतात: गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे, आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती वळसे घेत फिरणारी नर्तकांची साखळी. जेथे तारपा कोणाच्या ओळखीचा नाही, पोळ्याचे बैल हलगीच्या ठेक्यावर वेशीकडे निघतात, त्या सेनगावासारख्या मुलखातही ही चित्रे काढली जावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. वारली कलेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. आणि तो आहे म्हणूनच तिची अशी निर्जीव नक्कल पाहवत नाही.

या कलेला जगापुढे नेणारा पुरुष, जिव्या सोमा म्हसे, कोणत्याही कलाशाळेची पायरी चढला नव्हता. १९३४ साली जन्मलेल्या आणि डहाणूजवळच्या गंजाड गावी आयुष्य काढलेल्या या माणसाची आई लहानपणीच गेली, त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली आणि तो धुळीत रेघोट्या ओढून आपले मनोगत सांगू लागला, असे त्याच्याविषयी सांगतात. वारली घरात चित्र काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. लग्नप्रसंगी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवीची स्थापना करायची, आणि लग्न उरकले की ते चित्र हळूहळू विटून जाऊ द्यायचे, हा त्यांचा क्रम. जिव्याने बायकांचे ते कसब उचलले, आणि लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढावयास आरंभ केला. चौकातल्या देवीइतकीच भाताची लावणी, मळणी, शिकार, मासेमारी, मुंग्यांचे वारूळ आणि पक्ष्यांचे थवेही त्याला चित्रविषय होण्यास योग्य वाटले. त्याचे मासेमारीचे जाळे ज्याने पाहिले आहे त्यास ठाऊक असेल, की सहस्रावधी बारीक रेषांनी विणलेले ते जाळे जवळजवळ सगळा पट व्यापते, माणसे त्यापुढे चिमुकली होतात, आणि तरीही कष्ट कोणाचे आहेत याविषयी पाहणाऱ्याच्या मनात क्षणभरही संदेह राहत नाही. एकाच पटावर सकाळ आणि संध्याकाळ, घर आणि रान ही शेजारी-शेजारी नांदतात. डोळ्याने वाट धरावी आणि गोष्ट आपोआप पुढे सरकावी, अशी ती रचना आहे. १९८९ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात तो निवर्तला. परंतु अखेरपर्यंत त्याने चितारले ते आपलेच गाव.

येथे आणखी एका मनुष्याचे स्मरण करणे अगत्याचे आहे. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी साठच्या दशकातील बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांच्या हाती कागद दिला होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते डहाणूच्या पाड्यांवर आले, आणि जिव्याच्या हाती कागद व रंग देऊन त्यांनी त्याची चित्रे बाहेर नेली. प्रतिभा गंजाडलाच होती. उणीव होती ती मागणाऱ्याची, दाम मोजणाऱ्याची आणि काढलेले चित्र जपून ठेवणाऱ्याची.

आता सेनगावाकडे वळू. हे गाव ज्यात येते तो हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. परंतु या मुलखाचे दप्तर त्याहून कितीतरी जुने आहे. निजामी अमदानीतील मुंतखब, १९५४ चे खासरा पाहणीपत्रक, पुढचे सातबारे या सर्वांतून कोणाची जमीन किती, तिचा आकार काय आणि तीत पीक कोणते, हे तपशीलवार सापडते. मात्र फाल्गुन-चैत्रात हळद शिजू लागली की कढईच्या वाफेत उभी असलेली बाई, खळ्यावर वाळत घातलेली हळकुंडे, पॉलिशच्या ढोलातून उडून अंगाखांद्यावर बसणारी पिवळी धूळ, मोंढ्यात काट्यापुढे सोयाबीनची पोती घेऊन ताटकळणारा कुणबी, पाडव्याला साल ठरविताना मालकासमोर बसलेला सालगडी, नर्सीच्या वाटेने नामदेवांच्या दर्शनाला चाललेली दिंडी, यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? कढईच्या जागी बॉयलर आला, सालगडी मिळेनासा झाला. ज्यांनी ते सारे डोळ्यांनी पाहिले ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

चितारणारे हात येथे नाहीत असे कोणी म्हणू नये. ट्रकच्या फाळक्यावर मोर काढणारा, दुकानाच्या पाट्या रंगविणारा पेंटर, दिवाळीत अंगणभर रांगोळी घालणारी गृहिणी, वहीच्या मागल्या पानावर मास्तरांचे चित्र काढून मार खाणारा मुलगा, हे प्रत्येक गावी आहेत. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र हा विषय मुद्दाम ठेवलेला आहे. परंतु मुले त्यासाठी बाजाराचे किंवा बसस्थानकाचे छापील चित्र पाठ करून जातात, आणि स्वतःच्या आठवडी बाजाराकडे पाहावयाचे राहून जाते. हा दोष मुलांचा नव्हे. आपल्या गावचे जगणे चित्रात येण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

म्हणून सेनगावच्या नगरपंचायतीला आणि तालुक्यातील शाळांना माझी विनंती आहे: पुढील खेपेस भिंती रंगवावयाच्या ठरतील तेव्हा नमुन्याचे पुस्तक बाजूस ठेवावे, गावातल्याच हातांना पाचारण करावे, त्यांना मोबदला रोख आणि वेळेवर द्यावा, आणि हळदीचा हंगाम, मोंढा, पोळा हे विषय त्यांच्यापुढे ठेवून रेषा कशी असावी हे त्यांच्यावरच सोपवावे. भिंतीवरचा रंग पावसाने जातो. यास्तव तेच चित्र कागदावरही काढवून, खाली काढणाऱ्याचे नाव व साल घालून, वाचनालयात जतन करावे. आणि वाचकहो, आपल्या घरी किंवा आळीत कोणी असे चितारणारे असेल, तर चांगल्या कागदाचा एक गठ्ठा आणि रंग या आठवड्यातच त्याच्या हाती द्या.