ट्रॉलीतली माणसे

१ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जण बुडाले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. ट्रॉली केवळ शेतीकामासाठी व मालासाठी वापरावी, असे आवाहन तेव्हा मुख्यमंत्र्यांनी केले. पुढे सतरा महिन्यांच्या आत कासगंजला माघ पौर्णिमेच्या गंगास्नानासाठी निघालेली ट्रॉली अशीच तळ्यात गेली. वीसहून अधिक बळी.

नियम नाहीत असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे शेतातील अवजारे चालवण्यासाठी व शेतमालाची ट्रॉली ओढण्यासाठी असलेले वाहन आहे. चालकाने ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसवू नये, असेही त्याच वर्षीच्या रस्ता-विनियमांत स्पष्ट होते. ट्रॉलीलाही कायद्याने नोंदणी लागते. प्रत्यक्षात ती गावाकडच्या वेल्डिंगच्या दुकानातून ब्रेक आणि मागचे दिवे यांवाचूनच बाहेर पडते. मी इतिहासाचा विद्यार्थी. १८६५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार रस्त्यावरील वाफेच्या इंजिनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे. आज आपण त्याला हसतो, पण रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे तेवढेही नसते.

अपघातानंतरची कथा याहून कठोर आहे. मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवले. म्हणजे दावा उरतो तो ट्रॅक्टरमालकावर, आणि तो बहुधा मृतांचाच भाऊबंद असतो.

सेवेत असताना प्रत्येक मेळ्यापूर्वी ट्रॉलीतून प्रवासास बंदी घालणारा आदेश मी काढत असे. त्याच जिल्ह्यात एका मोठ्या सभेसाठी माणसे आणायची होती, तेव्हा तहसीलदारांकडून ट्रॉल्यांची यादी मागवणाऱ्या कागदावरही माझीच सही होती. दोन्ही कागद एकाच कारकुनाने टंकलिखित केले. तो काही बोलला नाही.

लोक ट्रॉलीत बसतात ते हौसेने नव्हे. त्या दिवशी गावातून बस नसते आणि चाळीस माणसांना भाड्याच्या जीपगाड्या परवडत नाहीत. वास्तविक माघ पौर्णिमेची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. निवडणुकीसाठी आपण खाजगी बसगाड्या अधिग्रहित करतो. मी शेकड्यांनी केल्या आहेत. मेळ्याच्या दोन दिवसांसाठी तर अधिग्रहणाचीही गरज नाही, जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात बसभाड्याची एक ओळ पुरेल. बंदीचा आदेश त्या तरतुदीच्या मंजुरीनंतर काढावा.