प्रेअरीचीं फुलें व माळ्याची घाई

एखादें फुलझाड दुष्काळांत टिकतें असें कोणीं सांगितलें कीं ऐकणारा लागलाच विचारतो, "म्हणजे पाणी घालावें लागत नाहीं ना?" उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं जीं प्रेअरीचीं रानफुलें होतात, त्यांविषयीं हा गैरसमज फार पसरलेला आहे, खुद्द तिकडच्या बागवाल्यांतही तो आढळतो. आमचें मत असें आहे कीं, या झाडांची सोशिकता बियांच्या पुडीबरोबर विकत मिळत नसते. ती जमिनीखालीं, डोळ्यांआड, दोन-तीन वर्षें कमवावी लागते. आणि तेवढा काळ उघडी-बोडकी दिसणारी बाग पाहून जो अधीर होतो, त्याच्या हातून ती कमावली जात नाहीं.

प्रेअरी म्हणजे काय हें विद्यार्थ्यांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ कुरण. कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्ससपर्यंत हा गवताळ मुलूख पसरला होता. पूर्वेस इलिनॉय-आयोवाकडे पाऊस बरा, म्हणून तेथें गवत पुरुषभर उंच. पश्चिमेस रॉकी पर्वताकडे जावें तसतसें तें खुजें होत जाई. पश्चिम कान्सासमध्यें वर्षाकाठीं सुमारें वीस इंच पाऊस पडतो. अहिल्यानगर-सोलापूरकडील पालकांस हा आंकडा फारसा परका वाटणार नाहीं. या गवतांत शेंकडों जातींचीं फुलझाडें वाढत. पुढें १८३७ सालीं जॉन डियर नांवाच्या लोहारानें इलिनॉयमध्यें पोलादी नांगर तयार केला; प्रेअरीची चिकट काळी माती त्या गुळगुळीत पोलादास धरून राहीना, आणि पाहतां पाहतां त्या अफाट कुरणाचें शेत झालें. उंच गवताच्या प्रेअरीचा आज शेंकडा चार भागही शिल्लक नाहीं. उरली ती बहुधा जेथें नांगर चालला नाहीं तेथें: कान्सासमधील फ्लिंट टेकड्यांच्या खडकाळ जमिनींत, रेल्वेच्या कडेस, जुन्या दफनभूमींच्या कुंपणांत.

म्हणून हीं झाडें बियांपासूनच वाढवावीं, रानांतून खणून आणूं नयेत, असा आमचा आग्रह आहे. यांत दयेपेक्षां हिशेब अधिक आहे. नेब्रास्का विद्यापीठाचे जॉन वीव्हर (१८८४–१९६६) यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें या वनस्पतींचीं मुळें मोकळीं करून पाहण्यांत घालविलीं. खोल चर खणावयाचा, त्याच्या भिंतींतील माती हलक्या हातानें कोरून काढावयाची, आणि मुळाचा एकेक फांटा मोजून कागदावर उतरवावयाचा, असा त्यांचा उद्योग. तिकडे होकायंत्राचें झाड म्हणून एक पिवळ्या फुलांची वनस्पति आहे. तिचीं पानें उत्तर-दक्षिण रोख धरून उभीं राहतात म्हणून हें नांव. तिचें मूळ दहा फुटांहूनही खोल जातें. असें झाड कुदळीनें उपटलें तर हातीं काय येणार? रान ओसाड होतें आणि बाग मात्र भरत नाहीं.

या मुळांची किंमत १९३४ सालच्या अवर्षणांत दिसून आली. त्या वेळीं कमी खोल मुळांचें गवत मोठ्या प्रमाणावर मेलें. खोल मुळांचीं कित्येक फुलझाडें मात्र तगलीं. नांगरून उघड्या टाकलेल्या जमिनीची तर धूळच झाली. १४ एप्रिल १९३५ रोजीं उठलेल्या धुळीच्या वादळानें भरदिवसां अंधार पडला होता.

आतां पेरणीविषयीं. येथें या झाडांचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. त्यांपैकीं पुष्कळांच्या बिया थंडी व ओल हीं दोन्हीं एकदम, आणि तींही महिना-दोन महिने, अंगावर घेतल्यावांचून उगवतच नाहींत. कारण उघड आहे. बीं शरदऋतूंत गळतें. तें लागलेंच रुजलें तर पुढच्या बर्फांत कोंवळें रोप मरून जाईल. म्हणून हिंवाळा खरोखर येऊन गेला अशी खात्री पटेपर्यंत तें निजून राहतें. जाणता माळी त्याच्याशीं भांडत नाहीं. नोव्हेंबरांत, जमीन गोठण्यापूर्वीं, तो बिया मोकळ्या मातीवर टाकतो, पायानें दाबतो आणि घरांत जाऊन बसतो. ज्यास वसंतांतच पेरावयाचें असेल तो बिया ओलसर वाळूंत मिसळून शीतकपाटांत ठेवतो. जांभळ्या पाकळ्यांची एकिनेशिया, आमच्या रुईच्या गोत्रांतलें नारिंगी फुलांचें मिल्कवीड, यांस अशी थंडी मानवते. शेंगावर्गांतील कांहीं बियांची साल इतकी कठीण असते कीं त्या खरखरीत कागदावर घांसाव्या लागतात. बारीक बिया खोल पुरूं नयेत. त्यांस उजेड लागतो.

जमीन मात्र आधीं स्वच्छ पाहिजे. जुनी हिरवळ व तिचें तण पुरतें मेल्याशिवाय पेरणें म्हणजे बिया फुकट घालविणें होय. ऊन दिवसांतून सहा तासांहून कमी नसावें. खत घालूं नये. हें ऐकून आमचे शेतकरी पालक हंसतील, पण सकस जमिनीचा लाभ या रोपांआधीं तण घेतें, आणि रोपें वाढलीं तरी तीं लांबट, लुळीं होऊन पहिल्या वाऱ्यास आडवीं पडतात.

आणि मग येतें तें पहिलें वर्ष. उन्हाळा संपत आला तरी बहुतेक रोप बोटभर-वीतभर. भोंवतीं तण कमरेएवढें. अशा वेळीं शहाणा मनुष्य उपटीत बसत नाहीं, कारण तणाबरोबर रोपही निघतें. तो सर्वच वाफा सहा इंच उंचीवर दोन-चार वेळां कापून टाकतो; रोपें त्या उंचीखालीं असतात, तीं वांचतात. पाऊस ओढला तर या पहिल्या वर्षीं पाणी दिलेंच पाहिजे. बोटभर मुळाच्या रोपास दहा फूट मुळाच्या झाडाचा नियम लावणें हा अन्याय आहे. दुसऱ्या वर्षीं थोडीं फुलें, तिसऱ्या वर्षीं खरी बहार. होकायंत्राच्या झाडास तर फुलावयास त्याहूनही अधिक वर्षें लागतात. (शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं बाग फुललेलीच हवी, असा ज्यांचा हट्ट असतो त्यांनीं झेंडू लावावा, त्यांत कमीपणा नाहीं.)

शेजाऱ्यांची दृष्टि हीही एक अडचणच. अमेरिकेंत घरापुढें कापलेली हिरवळ ठेवणें सभ्यतेचें लक्षण मानतात, आणि कित्येक गांवांनीं उंच गवताविरुद्ध कायदे केलेले आहेत. विस्कॉन्सिनमधील न्यू बर्लिन गांवीं असा वाद १९७६ सालीं न्यायालयांत गेला, तेव्हां निकाल रानफुलें वाढविणाऱ्या गृहस्थाच्या बाजूनें लागला. आम्हांस हा निकाल योग्य वाटतो.

त्याच प्रांतांत मॅडिसन येथें विद्यापीठाच्या जागेंत, जगांतील मंदीच्या काळांत, सरकारी शिबिरांतील तरुणांनीं जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी पुन्हां उभी करण्यास आरंभ केला. १९३६ पासून थिओडोर स्पेरी त्यावर देखरेख करीत. त्या वेळीं बियांबरोबर रानांतून मातीसकट काढलेले गड्डेही लावले गेले. आज रानें इतकीं आटलीं आहेत कीं ती रीत सामान्य बागवाल्यानें उचलूं नये. पुढें जॉन कर्टिस यांनीं १९४० नंतरच्या दशकांत प्रयोग करून दाखविलें कीं ठराविक काळानें कुरण जाळल्यास प्रेअरीचीं झाडें जोमानें येतात. त्या मुलुखांतील मूळ रहिवाशांस ही गोष्ट पूर्वींच ठाऊक होती. तण काढणें व जाळणें तेथें अद्यापि चालूच आहे.

हें सर्व वाचून कोणी विद्यार्थी परदेशी रानफुलांची पुडी मागवील, तर त्यानें थांबावें. आमच्याकडे बर्फ नाहीं. थंडी मागणारीं बीजें येथें निजलेलींच राहतील. ज्यांस थंडी लागत नाहीं तीं आधींच आलेलीं आहेत. आपल्या बाजारांत हारासाठीं विकला जाणारा गलांडा, म्हणजे गॅलार्डिया, हा मूळचा त्याच मैदानांतला. ओक्लाहोमा राज्यानें १९८६ सालीं त्यास आपलें रानफूल ठरविलें आहे. हिंवाळ्यांत वाफ्यांतून दिसणारा फ्लॉक्स थॉमस ड्रमंड या स्कॉटिश संग्राहकानें टेक्ससमधून धाडलेल्या बियांपासून जगभर गेला. तो बिचारा १८३५ सालीं क्यूबांत वारला. हीं दोन्हीं फुलें जरूर लावावीं. परंतु फुलांपेक्षां ती रीतच उचलावी असें आम्ही म्हणतों, आणि ती आपल्या माळावरच्या झाडांस लावून पाहावी.

आरंभ तरवडापासून करावा. माळावर, रस्त्याच्या कडेस, ऐन कोरड्या मुरमांत पिवळाजर्द फुलणारें हें झुडूप सर्वांच्या ओळखीचें आहे. शेंगा वाळल्या कीं बिया काढून ठेवाव्या. साल कठीण, म्हणून घांसून रात्रभर पाण्यांत भिजत घालाव्या. आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर कुंपणाच्या उन्हाच्या बाजूस, जेथें झाड कायमचें हवें तेथेंच पेराव्या. पावसाळ्यानंतर पहिला उन्हाळाभर प्रत्येक रोपास आठवड्यास दोन तांबे पाणी द्यावें, दुसऱ्या उन्हाळ्यांत तें कमी करीत जावें, आणि खत घालूं नये.