नवा राक्षस हवाय? आधी सांगा, तो खातो काय!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळांत नव्या राक्षसांची टंचाई नाही. तरीही बहुतेक नवे राक्षस दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाहीत. असं का होतं? लक्षात राहणारा राक्षस कसा घडतो? आणि आपल्याकडची भुतं या खेळात आणताना कुठे थांबायचं?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आम्ही सहाजण खेळायला बसलो होतो. खेळ चालवण्याची पाळी माझी होती. त्यासाठी दोन संध्याकाळी एक्सेलमध्ये डोकं घालून मी एक राक्षस तयार केला होता. तीन डोकी, विषारी शेपूट आणि ३०० हिट पॉइंट. इंजिनीअरिंगची पदवी कुठेतरी वापरली गेल्याचं समाधानही मिळालं होतं.

लढाई तीन तास चालली. दुसऱ्या तासाला एकजण टेबलाखाली रील्स बघू लागला. शेवटी राक्षस मेला आणि सगळ्यांनी पिझ्झा मागवला. त्याचं नाव काय होतं, हे आज त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी त्याच टेबलावर मी आजीच्या गोष्टीतला चकवा आणला. त्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हती, हिट पॉइंट तर नव्हतेच. त्या रात्री फोनला कुणी हात लावला नाही. या दोन शनिवारांत फरक कशाचा होता, तो समजून घेण्यासारखा आहे.

हा खेळ नेमका काय आहे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजेच 'डी अँड डी' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते. टेबलाभोवती काही मित्र बसतात. त्यांच्यातला एकजण 'डंजन मास्टर' होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या प्रसंगात काय करायचं ते ठरवतात. जमलं की फसलं, हे मुख्यतः वीस बाजूंचा फासा सांगतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतली मुलं तळघरात बसून हाच खेळ खेळतात. मालिकेतली डेमोगॉर्गन, माइंड फ्लेअर आणि वेक्ना ही नावं याच खेळातली आहेत. समोर काय आलंय हे कळत नसताना त्या मुलांनी त्याला खेळातल्या राक्षसाचं नाव दिलं. भीतीला नाव मिळालं की तिच्याशी लढायचं कसं, यावर निदान बोलता तरी येतं.

खेळाच्या पुस्तकात प्रत्येक राक्षसाचा एक तक्ता असतो. किती मार सोसेल ते हिट पॉइंट, अंगावर वार बसणं किती अवघड ते आर्मर क्लास आणि एकूण किती भारी ते चॅलेंज रेटिंग. रेटिंग ५ असेल, तर पाचव्या पातळीच्या चार पात्रांना तो झेपावा, असा ढोबळ हिशेब.

मग नवा राक्षस बनवणं सोपंच की?

तक्ता भरणं सोपं आहे. चॅटबॉटला 'दहा नवे राक्षस दे' म्हटलं की अर्ध्या मिनिटात बर्फाचा कोळी, लाव्हाचा लांडगा आणि सावलीचा साप हजर होतात. मी हे करून पाहिलं आहे. यादी वाचताना मजा येते. टेबलावर आणल्यावर मात्र सगळ्यांचं वागणं सारखंच निघतं: समोर येतात, मारतात, मरतात.

जुन्याच भाजीत तिखट वाढवलं म्हणून ती नवी भाजी होत नाही. माझ्या तीन डोक्यांच्या राक्षसाचं तेच झालं. त्याला अवयव नवे होते, पण तो खेळाडूंकडून नवं काहीच मागत नव्हता. एका डोक्याच्या राक्षसाशी ते जसे लढले असते, तसेच त्याच्याशी लढले. फक्त जास्त वेळ.

जुने राक्षस पन्नास वर्षं कसे टिकले?

गायगॅक्स यांनी 'डायनासोर' म्हणून विकल्या जाणाऱ्या, हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांची पिशवी आणली होती. आतले प्राणी डायनासोरसारखे अजिबात दिसत नव्हते. त्यातल्याच एका वेड्यावाकड्या खेळण्यावरून 'रस्ट मॉन्स्टर' तयार झाला. घुबड आणि अस्वल यांचा संकर असलेला 'आउलबेअर'ही त्याच पिशवीतला.

रस्ट मॉन्स्टर माणसं खात नाही, गंज खातो. त्याच्या मिशा लागल्या की लोखंड गंजतं. कित्येक शनिवार खेळून कमावलेलं चिलखत एका स्पर्शात भुसभुशीत होतं. त्यामुळे होतं असं की ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा योद्धा या कुत्र्याएवढ्या प्राण्यासमोर पळ काढतो आणि नुसती काठी घेतलेला जादूगार पुढे येतो. ताकद कुणाची आणि कमजोरी कुणाची, हे क्षणात उलटं होतं.

'जिलेटिनस क्यूब' घ्या. दहा फुटांचा पारदर्शक, जेलीसारखा ठोकळा. दहा फूटच का? कारण जुन्या नकाशांत तळघरातला बोळ दहा फूट रुंद असायचा. हा ठोकळा बोळात बरोब्बर बसतो आणि वाटेतलं मांस पचवत पुढे सरकतो. बोळ लख्ख स्वच्छ असेल तर तो शुभशकुन नव्हे, हे खेळाडू एकदाच शिकतात.

'मिमिक' पेटीचं रूप घेऊन बसतो. खजिना समजून हात लावला की चिकटतो. एकदा मिमिक भेटला की पुढच्या प्रत्येक पेटीला, दाराला, खुर्चीला खेळाडू काठीने ढोसतात.

तिघांत साम्य एकच. प्रत्येकजण हिट पॉइंटशिवाय आणखी काहीतरी खातो. एक कमाई खातो, दुसरा निर्धास्तपणा, तिसरा विश्वास. म्हणून माझं मत असं की नवा राक्षस म्हणजे नवा अवयव नव्हे, नवा नियम. आणि तो नियम शोधायचा सर्वात सरळ प्रश्न म्हणजे, हा खातो काय?

आपला 'राक्षस' या खेळात कसा पोचला?

डी अँड डीमध्ये 'राक्षस' याच नावाचा एक राक्षस आहे. त्याला वाघाचं डोकं असतं आणि नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे तळवे उलट्या बाजूला दाखवले आहेत. रावण, बिभीषण, कुंभकर्ण यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्याला हा वाघोबा कुठून आला, असा प्रश्न पडतो.

त्याचा एक धागा अमेरिकन टीव्हीपर्यंत जातो. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या मालिकेच्या डिसेंबर १९७४ मधल्या एका भागात राक्षस होता. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास आहे, त्याचंच रूप घेऊन तो जवळ यायचा आणि मंतरलेल्या बाणाने मरायचा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, डी अँड डीच्या प्रकाशकांच्या नियतकालिकात राक्षस अवतरला आणि त्याच्याबरोबर तो बाणही आला.

याचा राग मला येत नाही. वाघाचं डोकं परकं असेल, पण विश्वासाचं रूप घेऊन येणं हे आपल्याला अगदी ओळखीचं आहे. मारीच सोन्याचा हरीण होऊन येतो, रावण भिक्षुकाच्या वेषात दारात उभा राहतो. चेहरा वाटेत बदलला, नियम मात्र सुखरूप पोचला. आणि पन्नास वर्षं टिकला तो नियमामुळेच.

म्हणजे आजीचीच भुतं घ्यायची का?

घ्या, पण त्यांचे नियमही घ्या. नुसतं नाव घेतलं तर खवीस म्हणजे फक्त मोठा गुंड आणि वेताळ म्हणजे फक्त राखाडी रंगाचा सैनिक होतो.

माझी आजी राजापूरजवळची. ती सांगायची, "चकवा लागला की चालायचं नाही. असशील तिथं बैस, उजाडेपर्यंत." चकवा अंगावर येत नाही. तो वाट खातो. माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो.

टेबलावर मी एवढंच केलं. खेळाडूंचा नकाशा काढून घेतला आणि प्रत्येक फेरीनंतर त्यांना त्याच चिंचेखाली आणलं. दर फेरीला एक वस्तू कमी. आधी मशाल विझली, मग पाणी संपलं, मग एका पात्राला आपल्या गावाचं नाव आठवेना. त्यांनी झाडांवर खुणा केल्या, दोरी सोडत गेले, मंत्र वापरले. तासाभराने एकीने हळूच विचारलं, "आपण बसायचं का?" बाकीच्यांनी तिला वेड्यात काढलं. अखेर बसले, तेव्हा मी फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावला आणि कुणीही बोलायचं नाही असं सांगितलं. उठसूट तलवार काढणाऱ्यांना नुसतं बसणं सगळ्यात अवघड गेलं.

नियम नीट असेल तर भूत जुनंच असायला हवं असंही नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) मधला हस्तर कुठल्याही पुराणात नाही. तो चित्रपटासाठी घडवलेला आहे. पण त्याच्याकडे सोन्याच्या मोहरा आहेत, त्याला भूक पिठाची आहे आणि पिठाचं रिंगण त्याला ओलांडता येत नाही. एका कणकेच्या बाहुलीने तो गुंततो. मग जास्त बाहुल्या नेल्या तर? चित्रपटाचा शेवट याच प्रश्नातून येतो. माणसाचा लोभ आणि राक्षसाचा नियम एकमेकांत अडकले की गोष्ट आपोआप पुढे जाते.

याच पद्धतीने मी सध्या 'उधाऱ्या' नावाचा राक्षस तपासून पाहतो आहे. पात्राचे हिट पॉइंट शून्यावर आले की तो फक्त त्या खेळाडूच्या कानात विचारतो, "किती देऊ?" दहा घेतले तर उद्या सूर्योदयाला वीस परत. फेडता आले नाहीत तर वसुली शेजारी बसलेल्या पात्राकडून, कारण कर्ज देताना त्याने तुमच्या नकळत त्यालाच जामीन धरलेलं असतं. वार करून तो मरत नाही. सगळ्यांसमोर आपला हिशेब मोठ्याने वाचून दाखवला की विरतो. तो उद्या खातो, आणि लाजेवर जगतो. कर्जाचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे.

सगळीच भुतं खेळायला घेता येतील?

इथे मात्र थांबायला हवं. हडळ म्हणजे बहुतेक गोष्टींत बाळंतपणात मेलेली बाई. तिच्या मरणाला जबाबदार कोण, हे गोष्ट विचारत नाही. ती मेल्यावर तिलाच भीतीदायक ठरवते. 'डाकीण' तर भूतही नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात जिवंत बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात कुणाला असं ठरवून छळणं हाही गुन्हा आहे.

'खेळच तर आहे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. टेबलावर राक्षसाला मारताना कुणी विचार करत नाही, ते अपेक्षितच असतं. म्हणूनच त्या जागी कुणाला उभं करतो याचा विचार आधी करावा लागतो. खुद्द डी अँड डीच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये मान्य केलं की ऑर्क आणि ड्राऊ या जमातींची खेळातली वर्णनं खऱ्या जगातल्या वंशांना हिणवणाऱ्या भाषेसारखी होती.

म्हणजे हडळ वर्ज्य असं नाही. तिला आणायचं तर तिचा प्रश्नही आणावा. तलवारीने ती जाणार नाही. त्या रात्री सुईणीला बोलवायला कुणी नकार दिला, हे गावाने कबूल केलं तर जाईल. मग खेळाडूंना लढाईऐवजी तपास करावा लागतो आणि राक्षस कोण, याचं उत्तर शेवटपर्यंत बदलत राहतं.

सुरुवात कशी करायची?

एक्सेल उघडण्याआधी चार ओळी लिहा. तो काय खातो? तो येण्याआधी कोणती खूण दिसते? कोणता नियम त्याला स्वतःला मोडता येत नाही? आणि तलवारीशिवाय तो कसा संपतो? ही उत्तरं असतील तर हिट पॉइंट दहा मिनिटांत भरता येतात. नसतील तर ३०० काय, ३००० भरले तरी टेबलाखाली रील्स सुरू होतील.

परवान्याची अडचणही उरलेली नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांच्या आधारे कुणीही आपले राक्षस लिहू शकतं, छापू शकतं, विकू शकतं. मराठीतही.

चकव्याच्या रात्री "बसायचं का?" विचारणाऱ्या मैत्रिणीने पुढच्या शनिवारी खेळ चालवायला मागून घेतला आहे. ती आयटीत आहे, महिन्यातून एक आठवडा रात्रभर फोन उशाशी ठेवून झोपते. तुझा राक्षस काय खातो, असं मी विचारलं. ती म्हणाली, "झोप." हिट पॉइंट अजून ठरलेले नाहीत.